काट्याची साक्ष

पाण्यावरून पायीं चालत जाणारे सिद्धपुरुष जुन्या कथांत पुष्कळ भेटतात. त्यांच्यापाशीं तपश्चर्येचें बळ होतें. विसाव्या शतकांत हीच करामत साधीं माणसें करूं लागलीं, पण तीं यंत्राच्या बळावर. १९२२ सालच्या जुलै महिन्यांत अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यांत लेक पेपिन नांवाच्या जलाशयावर राल्फ सॅम्युएलसन हा अठरा वर्षांचा तरुण दोन लांब फळ्या पायांना बांधून, मोटारबोटीचा दोर हातांत धरून, पाण्याच्या पृष्ठभागावर ताठ उभा राहिला. फळ्यांचीं टोकें त्यानें कढत पाण्यांत मऊ करून वर वळविलीं होतीं. बोट हांकणारा त्याचा सख्खा भाऊ होता.

हा खेळ पुढें सरोवरांच्या त्या देशांत गांवोगांव पसरला, आणि त्यासाठीं खास बोटी तयार होऊं लागल्या. फ्लॉरिडांतील करेक्ट क्राफ्ट या जुन्या कारखान्यानें १९६१ सालीं ‘स्की नॉटिक’ ही बोट आपल्या हातीं घेतली. १९६८ सालीं टेनेसी राज्यांत मास्टरक्राफ्टचा जन्म झाला. या बोटींची रचना इतर मोटारबोटींहून निराळी असते. इंजिन शेपटाकडे न ठेवितां मध्यभागीं ठेवितात, त्याचा दांडा तळांतून तिरपा उतरून सरळ पंख्याला जाऊन भिडतो, आणि दोर बांधावयाचा खांबहि बोटीच्या मध्याजवळच असतो. ओढ बाजूला बसली तरी बोटीचें तोंड फिरूं नये आणि मागें उठणारी लाट ठेंगणी रहावी, एवढ्यासाठीं हा सारा खटाटोप. इंग्रजींत ज्याला प्रोपेलर म्हणतात त्याला आपल्या किनाऱ्यावरील यांत्रिक होडीवाला पंखाच म्हणतो. या भाषणांतहि तोच शब्द चालविला आहे.

खेळाचा सर्वांत कसोटीचा प्रकार स्लालम. पाण्यांत बोये नांगरून एक मार्ग आंखलेला असतो. बोट मधल्या रेषेनें सरळ जाते आणि दोराच्या टोकाचा खेळाडू उजवीकडे तीन व डावीकडे तीन अशा सहा बोयांना नागमोडी वळसे घालीत तिच्यामागें जातो. मार्गाची लांबी २५९ मीटर. पुरुषांच्या स्पर्धेंत बोटीचा कमाल वेग तासाला ५८ किलोमीटर आणि स्त्रियांच्या स्पर्धेंत ५५ किलोमीटर ठेवितात. म्हणजे बोटीनें हा मार्ग पहिल्या वेगानें १६·०८ सेकंदांत आणि दुसऱ्या वेगानें १६·९५ सेकंदांत ओलांडला पाहिजे. पाव सेकंद लवकर पोंचल्यास वेग तासाला जवळजवळ एक किलोमीटरनें वाढला असें समजावें. ऐकणाऱ्याला हा फरक क्षुल्लक वाटेल, परंतु दोराला लटकलेल्या माणसाला तो खांद्यांत आणि कमरेंत कळतो. वेग कमी पडला तर त्याची फळी पाण्यांत रुतते. वाढला तर वळणावर दोर हातांतून हिसकला जातो.

नव्या बोटींत हें काम उपग्रहांवरून वेग मोजणाऱ्या यंत्राकडे सोंपविलेलें असतें. पण गेल्या शतकाच्या सत्तर, ऐंशी आणि नव्वद या दशकांतील शेंकडों बोटी अद्याप तळ्यांतळ्यांतून चालत आहेत, आणि त्यांच्या चालकाला तबकडीवरील काट्याचाच आधार. वेगदर्शक काटा पाण्याच्या दाबावर चालतो. तळाशीं एक बारीक नळी असते, तिच्या तोंडांत पाणी शिरून जो दाब उत्पन्न होतो त्यावरून वेग दाखविला जातो. ही युक्ति फ्रेंच पंडित आंरी पितो यानें १७३२ सालीं सीन नदीचा प्रवाह मोजण्यासाठीं काढली. युक्ति नामी, पण नळीचें तोंड शेवाळानें किंवा चिखलानें बुजलें कीं काटा वाटेल तें सांगूं लागतो. म्हणून जुने चालक वेगदर्शकाकडे कानाडोळा करून इंजिनाचे फेरे मोजणाऱ्या काट्यावर भरंवसा ठेवीत. या दुसऱ्या यंत्राचें नांव टॅकोमीटर. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतांतून ‘परफेक्टपास’ नांवाचें जें स्वयंचलित साधन निघालें, तेंहि आरंभीं वेगाऐवजीं फेरेच धरून ठेवीत असे. तेव्हां हा काटा खोटें बोलूं लागला तर काय अनर्थ होतो, आणि त्याचें खोटें पकडावें कसें, हाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम तो मोजतो तरी काय, हें पाहिलें पाहिजे. पूर्वीच्या टॅकोमीटरांत इंजिनाच्या दांड्यालाच जोडलेलीं वजनें गरगर फिरत, आणि तीं जितकीं बाहेर फांकत तितका काटा पुढें सरके. ती प्रत्यक्ष साक्ष होती. आजचा विजेचा टॅकोमीटर दांड्याकडे मुळीं पाहतच नाहीं. तो फक्त ठिणग्या मोजतो. पेट्रोलच्या चार-टप्प्यांच्या इंजिनांत प्रत्येक सिलिंडराला दर दोन फेऱ्यांत एक ठिणगी लागते. म्हणून आठ सिलिंडरांच्या इंजिनांत एका फेऱ्याला चार ठिणग्या पडतात, सहांच्या इंजिनांत तीन, आणि चारांच्या इंजिनांत दोन. इग्निशन कॉइलच्या एका टोंकाकडून टॅकोमीटराला बारीक तार जाते, तिच्यावाटे प्रत्येक ठिणगीचा ठोका त्याला पोंचतो, आणि तो मनाशीं भागाकार करून फेरे दाखवितो. पण कितींनीं भागावयाचें? एकच यंत्र सर्व तऱ्हेच्या इंजिनांना विकतां यावें म्हणून कारखानदार त्याच्या पाठीवर एक लहानशी कळ ठेवितो, आणि तिच्यावर ४, ६, ८ असे आंकडे असतात. सगळी मेख या कळींत आहे.

आठ सिलिंडरांच्या इंजिनावर ही कळ सहाच्या आंकड्याशीं असली तर काय होईल? इंजिनाचा एक फेरा झाला कीं चार ठोके येतात. यंत्र समजतें कीं तीन ठोक्यांना एक फेरा. म्हणजे खऱ्या तीन हजारांना तो चार हजार म्हणेल. कळ चारावर असली तर तो सरळ दुप्पट सांगेल. कोणी मुद्दाम ती फिरवावी लागते असेंहि नाहीं. ओल्या हवेंत वर्षानुवर्षें राहून कळीच्या आंतील तांब्यावर मळ चढतो, टेंकण सुटतें, आणि काटा थरथरूं लागतो, उड्या मारतो, किंवा एक दिवस भलत्याच आंकड्यावर ठाम उभा राहतो. थरथरणारा काटा त्यांतल्या त्यांत बरा, कारण त्याच्यावर कोणी विश्वास ठेवीत नाहीं. ठाम उभा राहून खोटें सांगणारा काटाच घातक.

आतां अशी कल्पना करावी कीं, फ्लॉरिडांतील एका गृहस्थानें ऐंशीच्या दशकांतील एक जुनी स्की-बोट विकत घेतली. इंजिन आठ सिलिंडरांचें, दांडा व पंखा यांमध्यें दांत्यांची तडजोड नाहीं, म्हणजे इंजिनाचा एक फेरा तोच पंख्याचा एक फेरा. पंख्यावर १३ × १३ असे आंकडे ठोकलेले. सोबतच्या पुस्तकांत लिहिलें आहे कीं, थ्रॉटल पूर्ण उघडला असतां इंजिनाचे फेरे मिनिटाला ४,००० ते ४,४०० असावेत. गृहस्थ बोट तळ्यांत सोडतात, दांडी पुढें दाबतात, आणि काटा ५,३०० वर जाऊन उभा राहतो. वेग मात्र तासाला ४२ मैल.

गृहस्थ घाबरतात, आणि तें स्वाभाविक आहे. मर्यादेबाहेर फिरणारें इंजिन म्हणजे आज ना उद्यां मोडणारें इंजिन. शेजारी सल्ला देतो: पंखा हलका पडतो आहे, जास्त पल्ल्याचा बसवा. सल्ला ऐकण्यास शास्त्रशुद्ध आहे. जड पंखा बसविला कीं फेरे उतरतात, हें खरेंच. पंख्याची किंमत कांहींशें डॉलर. पण खिशांत हात घालण्यापूर्वीं पाटीवर एक त्रैराशिक मांडलें असतें तर त्यांचें बरें झालें असतें.

पंख्यावरील पहिला आंकडा व्यासाचा. दुसरा, ज्याला पिच म्हणतात त्याचा. पंखा हा मळसूत्राचाच एक तुकडा आहे. लांकडांत स्क्रू पिळला असतां तो एका फेऱ्यांत जितका आंत जातो तितका त्याचा पल्ला. तसाच पंखा पाण्याऐवजीं लोण्यासारख्या घट्ट पदार्थांत फिरला असता तर एका फेऱ्यांत जितके इंच पुढें सरकला असता तो त्याचा पल्ला, म्हणजे पिच. १३ इंच पल्ल्याचा पंखा मिनिटांत ५,३०० वेळां फिरला तर ६८,९०० इंच जाईल. फेऱ्यांना पल्ल्यानें गुणून १,०५६ नें भागलें कीं तासाचे मैल निघतात. हा भाजक मैलाच्या ५,२८० फुटांना बारानें गुणून साठानें भागल्यानें येतो. उत्तर ६५ मैलांहून थोडें अधिक. बोट तर ४२ मैलांनीं चालली आहे. पाणी लोणी नव्हे, त्यांत पंखा थोडा घसरतोच. निकोप पंख्याची ही घसर अशा बोटींत सामान्यतः शेंकडा दहा ते वीस असते. येथें ती पसतीस टक्क्यांच्या वर जाते. इतका पंखा घसरत असता तर बोटीच्या मागें पाण्याचा नुसता फेंस उठला असता आणि ओढ मेल्यासारखी लागली असती. तसें कांहींच दिसत नसेल, तर तीन आंकड्यांपैकीं एक खोटा आहे.

मग ५,३०० ला तीननें गुणून चारानें भागून पहावें: ३,९७५. या फेऱ्यांचा हिशेब ४९ मैलांच्या किंचित खालीं येतो, आणि घसर शेंकडा चौदा. आंकडे एकमेकांशीं बोलूं लागले! पंखा हलका नाहीं, इंजिन अति फिरत नाहीं, कळ सहावर आहे, एवढाच या सर्व भानगडीचा अर्थ असण्याचा संभव फार मोठा.

शेजाऱ्याचा सल्ला मानला असता तर? पल्ल्याचा एक इंच वाढविला कीं फेरे अंदाजें दीडशें ते दोनशें उतरतात. १५ इंचांचा पंखा बसविल्यावर खरे फेरे ३,६०० च्या आसपास आले असते, म्हणजे पुस्तकानें सांगितलेल्या किमान आंकड्याच्याहि खालीं. चढावावर मोटार वरच्या गिअरांत दामटली असतां जशी गुदमरते, तसें तें इंजिन गुदमरलें असतें. सिलिंडरांत ठोके पडूं लागले असते, आणि खेळाडूला पाण्यांतून वर उचलण्यास बोटीला दम उरला नसता. आणि गंमत, गंमत कसली, अनर्थ असा कीं काटा त्या वेळीं ४,८०० दाखविता. मर्यादा ४,४०० ची! गृहस्थ म्हणते, अजून थोडें जास्तच आहे, आणखी एक जड पंखा आणूं. चुकीचा काटा माणसाला एकदां चुकवून थांबत नाहीं. तो प्रत्येक दुरुस्तीला शाबासकी देत पुढें ढकलतो.

उलट दिशेची चूक याहून वाईट. तार सैल झाली, कांहीं ठोके वाटेंत गळूं लागले, आणि काटा खऱ्याहून कमी दाखवूं लागला असें समजावें. फेरे ३,४००, पंखा तोच, वेग ४४ मैल. हिशेब केला तर पंख्याची उडी ४२ मैलांपर्यंतहि पुरती पोंचत नाहीं, आणि बोट ४४ मैलांनीं धांवते! घोड्यापेक्षां टांगा पुढें गेला. असें उत्तर आलें कीं आंकड्यांत खोट आहे हें निश्चित. फार तर पंख्याच्या कडेला जो ओठ दिलेला असतो, त्यामुळें त्याचा खरा पल्ला ठोकलेल्या आंकड्याहून कांहींसा अधिक आहे. हा हिशेब न करितां ज्यानें ‘पंखा जड आहे’ म्हणून दोन इंचांनीं हलका पंखा बसविला, त्याच्या इंजिनाचे खरे फेरे ४,४०० ओलांडून जातील, काटा मात्र मर्यादेच्या पुष्कळ खालीं शांत उभा असेल, आणि एका रविवारीं तळ्याच्या मध्यभागीं व्हॉल्व्हची स्प्रिंग तुटल्याचा आवाज होईल.

तेव्हां दोन साक्षीदार भांडत असतां तिसरा बोलवावा. वेगाचा तिसरा साक्षीदार स्वस्त आहे. स्लालमचा मार्ग मोजून आंखलेला असतोच; घड्याळ हातांत घेऊन २५९ मीटर किती सेकंदांत गेले हें पहावें, आणि तोच फेरा उलट दिशेनें करून सरासरी काढावी, म्हणजे वाऱ्याचा हिशेब फिटतो. आतां तर खिशांतील टेलिफोनहि उपग्रहांवरून वेग सांगतो.

फेऱ्यांचा तिसरा साक्षीदार म्हणजे प्रकाशानें फेरे मोजणारें हातांतलें यंत्र. इंजिनाच्या पुढच्या चाकावर चकचकीत पट्टीचा तुकडा चिकटवावा, त्यावर यंत्राचा झोत धरावा. पट्टी किती वेळां चमकली हें तें मोजतें. त्याचा ठिणग्यांशीं कांहीं संबंध नाहीं, म्हणूनच त्याची साक्ष स्वतंत्र. तेंहि जवळ नसेल तर विजेच्या दिव्याकडून काम करून घेतां येतें. ज्यांच्या घरीं ग्रामोफोनच्या थाळीच्या कडेला ठिपक्यांच्या रांगा आहेत त्यांना ही युक्ति ठाऊक असेल: थाळी बरोबर गतीनें फिरली कीं दिव्याखालीं ठिपके स्तब्ध दिसतात. जुन्या चोकवाल्या नळीच्या दिव्याचा प्रकाश विजेच्या प्रत्येक आवर्तनांत दोनदां मंदावतो. अमेरिकेंत वीज सेकंदाला ६० आवर्तनांची, म्हणून तेथील दिवा सेकंदांत १२० वेळां लुकलुकतो. आपल्याकडे ५० आवर्तनें, म्हणून १००. इंजिनाच्या चाकावर खडूची एकच रेघ ओढावी आणि अशा दिव्याखालीं पहावें. अमेरिकेंत मिनिटाला १,२०० फेऱ्यांना त्या एका रेघेच्या सहा रेघा स्थिर उभ्या दिसतील, आणि १,८०० ला चार. नवीन एल-ई-डी दिव्यांवर मात्र भिस्त ठेवूं नये. त्यांपैकीं पुष्कळ असे लुकलुकत नाहींत.

ही तपासणी बोट गाडीवर चढविलेली असतां शेडमध्यें करितात, आणि तेथें घाई नडते. इंजिनाला थंड करणारें पाणी नळीनें पुरविलेंच पाहिजे, नाहीं तर पंपांतील रबरी चक्र पाहतां पाहतां जळून जातें. गिअर टाकूं नये, कारण पंख्याच्या दांड्याचें बेअरिंग पाण्याच्याच वंगणावर चालतें. इंजिन सुरू करण्यापूर्वीं तळांत सांचलेली पेट्रोलची वाफ बाहेर काढणारा ब्लोअर चार मिनिटें चालू ठेवावा. शेडचीं दारें सताड उघडीं असावींत, कारण इंजिनाचा धूर बंद जागेंत माणसाचा प्राण घेतो. आणि फिरत्या पट्ट्याजवळ सैल बाही, गळपट्टा कांहीं नको.

दोन ठिकाणीं माप घ्यावें, एका ठिकाणीं घेऊन भागत नाहीं. खऱ्या १,२०० ला काटा १,६०० दाखवितो आणि खऱ्या १,८०० ला २,४००, असें आढळलें तर दोन्हीकडे प्रमाण चारास तीन हेंच पडतें. एकाच प्रमाणांत चुकणारा काटा म्हणजे कळीचा दोष. एकीकडे बरोबर आणि दुसरीकडे चूक, किंवा घटकाभरानें निराळेंच, असें असेल तर तारांची टेंकणें, विशेषतः जमिनीची तार, तपासावी. कळीचा उपाय हास्यास्पद वाटावा इतका साधा आहे. बॅटरीची तार सोडावी, टॅकोमीटर खांचेंतून बाहेर काढावा, कळ या टोंकापासून त्या टोंकापर्यंत पांचदहा वेळां फिरवावी, म्हणजे मळ घांसला जातो, आणि ती आठावर नीट बसवावी. कांहीं यंत्रांत ती दाबून मग फिरवावी लागते. एका पैशाचाहि खर्च नाहीं.

काटा निर्दोष ठरला आणि तरीहि घसर अवास्तव निघाली, तर मात्र दोष पुढें शोधला पाहिजे. इंजिनाचे फेरे आणि पंख्याच्या दांड्याचे फेरे निरनिराळे मोजावेत. सरळ जोडणींत ते सारखे असले पाहिजेत. दांड्याचे कमी भरले तर गिअरपेटींतील क्लच सुटतो आहे, आणि तेलाला जळका वास येत असेल तर संशयाला जागाच उरत नाहीं. कांहीं बोटींत १·२३ फेऱ्यांना एक अशी गिअरपेटी असते, आणि जुनी बोट घेणाऱ्याला ती आहे कीं नाहीं हेंहि ठाऊक नसतें. अशा बोटीचे इंजिनाचे ४,६०० फेरे पंख्यापर्यंत ३,७४० च होऊन पोंचतात. तो भागाकार राहून गेला तर वरचा सगळा हिशेब कोसळतो. बाहेर लटकणाऱ्या आउटबोर्ड मोटारींच्या पंख्यांत बहुधा रबराचा गाभा असतो. तो आंतल्या आंत फिरूं लागला कीं फेरे भरमसाट, वेग शून्य. गाभा व पंखा यांवरून एक सरळ रेघ ओढावी, बोट चालवून आणावी, आणि रेघ तुटली आहे काय तें पहावें.

पंख्याची खरीखुरी अवाजवी घसर इतिहासांत एका थोर इंजिनिअरलाहि भोंवली आहे. चार्ल्स पार्सन्स यानें आपल्या टर्बाइनच्या सामर्थ्यावर ‘टर्बिनिया’ नांवाची बोट बांधली. १८९४ सालीं तिच्या चाचण्या सुरू झाल्या, पण शक्ति अफाट असूनहि वेग अपेक्षेच्या पुष्कळ खालीं राही. पार्सन्सनें तर्कानें न भागवितां एक लहान जलमार्ग बांधला, त्यांत कढत्याच्या जवळ आणलेल्या पाण्यांत छोटा पंखा फिरविला, आणि लुकलुकत्या प्रकाशांत तो स्थिर करून पाहिला. पात्यांच्या पाठीवर वाफेच्या पोकळ्या उठत होत्या. पंखा पाण्यांत फिरत नव्हता, पोकळींत फिरत होता. एका दांड्याच्या जागीं त्यानें तीन दांडे केले, प्रत्येकावर तीन पंखे, आणि १८९७ सालीं राणी व्हिक्टोरियाच्या उत्सवांतील आरमारी संचलनांत त्याची बोट ताशीं ३४ नॉटहून अधिक वेगानें सर्वांच्या डोळ्यांसमोरून निघून गेली. स्की-बोटींत या पोकळ्या बहुधा वांकलेल्या किंवा दगडावर आपटून चेपलेल्या पात्यामुळें उठतात. असें पातें हातालाच कळतें, आणि बोटीच्या थरथरण्यानेंहि.

फेरे खरोखरच कमी पडत असतील तरी पंख्यावर खापर फोडण्यापूर्वीं तीन गोष्टी पहाव्यात. थ्रॉटलची केबल ताणून शेवटपर्यंत उघडते कीं नाहीं. जुन्या बोटीच्या फळ्यांखालचा फोम पाणी पिऊन फुगला आहे कीं काय; असा फोम कित्येक मणांचें ओझें गुपचूप वाहवितो. आणि तळें किती उंचीवर आहे. दर हजार फुटांना इंजिनाची शक्ति शेंकडा सुमारें तीन घटते, तेव्हां समुद्रकांठीं नमुनेदार चालणारी बोट कोलोरॅडोच्या पांच हजार फुटांवर नेली तर तेथें हलका पंखा लागणारच; तो दोष नव्हे.

एवढें सारें झाल्यावर ज्याला पंखा बदलणें प्राप्तच आहे त्यानें जुना पंखा नीट वाचावा. व्यास आणि पल्ला यांशिवाय पात्यांची संख्या, फिरण्याची दिशा, दांड्याचें भोंक व त्याचा उतार, आणि ओठ, हीं सारीं जुळलीं पाहिजेत. मागून पाहतां घड्याळाच्या काट्याप्रमाणें फिरतो तो उजवा, उलट फिरतो तो डावा. उजव्याच्या जागीं डावा बसविल्यास बोट पुढच्या गिअरांत मागें जाऊं लागते. व्यास पल्ल्याहून कडक शासन करितो. त्याच फेऱ्यांना लागणारी शक्ति व्यासाच्या पांचव्या घाताप्रमाणें वाढते, म्हणून १३ इंचांच्या जागीं साडेतेरा इंचांचा पंखा घातला तर ओझें जवळजवळ एकपंचमांशानें वाढतें. शिवाय पात्याचें टोंक आणि बोटीचा तळ यांत पुरेशी फट राहिली पाहिजे. आंकडे झिजून गेले असतील तर पल्ला घरींच मोजतां येतो. पंखा पालथा टेबलावर ठेवावा, मध्यापासून कांहीं अंतरावर एका वर्तुळावर तीस अंशांच्या दोन टोंकांशीं पात्याच्या पृष्ठाची उंची मोजावी, आणि दोहोंच्या फरकाला बारानें गुणावें. तेरा इंच पल्ल्याच्या पंख्याचा हा फरक एक इंच आणि इंचाचा बारावा भाग एवढा येतो. तिन्ही पात्यांवर तो सारखा आला नाहीं तर ठोकलेल्या आंकड्याला अर्थ उरला नाहीं. सांच्यांत ओतलेल्या जुन्या पंख्यांत, विशेषतः हातोडीखालून गेलेल्यांत, असें फार आढळतें; म्हणून आतां संगणकाच्या हुकमतीखालीं धातूच्या ठोकळ्यांतून कोरून काढलेल्या पंख्यांना लोक अधिक दाम मोजतात. अशा पंख्यांवर पुष्कळदां मापें नसून कारखान्याचा नुसता क्रमांक असतो, तो त्याच्या कोष्टकांत पाहून घ्यावा लागतो.

आंकडे जुळले तरी पाण्याचा निर्णय शेवटचा. फ्रान्सिस पेटिट स्मिथ या इंग्रज शेतकऱ्यानें १८३६ सालीं पंख्याचें पेटंट घेतलें तेव्हां त्याचा पंखा म्हणजे दोन पूर्ण वेढ्यांचें लांकडी मळसूत्र होतें. पुढच्या वर्षीं लंडनजवळच्या पॅडिंग्टन कालव्यांत चाचणी चालू असतां तें कशावर तरी आपटलें आणि त्याचा अर्धा भाग तुटून गेला. बोट थांबण्याऐवजीं अधिक जोरानें धांवूं लागली! तेव्हांपासून मळसूत्र आखूड होत होत त्याचीं आजचीं पातीं झालीं. नवा पंखा बसविल्यावर म्हणूनच पुन्हां थ्रॉटल पूर्ण उघडून फेरे व वेग मोजावेत, नेहमींचीं माणसें आणि नेहमींचें पेट्रोल बोटींत असतांना. रिकाम्या बोटीचे आंकडे शनिवार-रविवारच्या उपयोगाचे नसतात. नट आंवळून त्यांतील पिन दुमडावी, पहिल्या तासाभराच्या फेरीनंतर तो एकदां पुन्हां तपासावा. आणि उतरविलेला जुना पंखा विकूं नये. तो, त्याची चावी आणि पंखा खेंचून काढण्याचा पुलर, हीं तिन्ही फडक्यांत गुंडाळून बोटींतच ठेवावींत. फ्लॉरिडाच्या तळ्यांत पाण्याखालीं बुडालेले ओंडके पुष्कळ असतात.